बिनफोडणीचं वरण

१५ जानेवारी १९९८

बियाण्याच्या कंपनीवाल्याने ह्यांना ही डायरी दिली. ह्यांनी ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "नलू, तू बारावी शिकली ना, मंग तूच लिही काई." टोमणाच होता. पण फुकटची वस्तू कोण सोडतं? शाळेत शिकवलं तसं शुद्ध लिहीन. तोंडाने मात्र आमच्या सिंदी गावचीच बोली.

घरात आम्ही चौघं. हे, म्हणजे गोपाल, एका कापूस व्यापाऱ्याकडे खरेदीला असतात. हंगामात महिना-महिना पांढरकवड्याकडे मुक्काम, संक्रांतीला म्हणून आलेत. सासूबाई मनकर्णाबाई, माझ्या तोंडी आत्याबाई, ओसरीतलं किराणा दुकान पाहतात. सासरे प्रभाकरराव, त्यांना मी मामाजी म्हणते. तेही जन्मभर खरेदीतच हिंडले. आता पाय उचलून धपधप आपटत चालतात आणि नजर सारखी जमिनीकडे. डोळे मिटले की त्यांचा तोल जातो. म्हणून सकाळी तोंडाला साबण लावताना कोणीतरी त्यांचा खांदा धरायचा, ते काम लग्न झाल्यापासून माझं. मधूनच ओरडतात, "वीज गेली वं पायातून!" लोक म्हणतात वात. सासूबाई म्हणतात प्राक्तन.

आणि या घरात वरणाला फोडणी नाही. मी भाजीला तेल तापवलं की सासूबाई अंगणात निघून जातात. त्यांचं शिजलेलं आधीच वेगळं काढायचं. काऊन म्हणून विचारलं तर म्हणतात, "नवस हाय माहा." असला कसला नवस, देव जाणे. माझ्या माहेरी सेलूला लसणाच्या फोडणीशिवाय वरणाला वरण म्हणत नाहीत.

२ फेब्रुवारी

हे आज परत गेले. घरी होते तेव्हा ह्यांच्या नको त्या जागी एक फोड दिसला. सुपारीच्या खांडाएवढा, कडक. विचारलं, "दुखते का?" तर म्हणे, "दुखत नाई. मोटारसायकलच्या सीटनं घासलं." बोटात कुसळ गेलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस, त्याला फोड दुखत नाही! बाजारातल्या वैदूकडून गरमीची पुडी आणली, सब्जाचं पाणी प्याले, आणि जाईपर्यंत फोड बसलासुद्धा. मी म्हटलं, वैदूच्या नावानं नारळ फोडा. हे हसले नाहीत.

७ मार्च

दिवस गेलेत.

वाटलं होतं सासूबाई साखर वाटतील. त्या मटकन खाली बसल्या. मग उठून माझ्या दंडाला काळा दोरा बांधला. "कोनाले सांगू नको वं. सातवा सरेपर्यंत कोनाले नाई." तेव्हा कळलं. ह्यांच्या आधी सासूबाईंना तीन मुली झाल्या, तिन्ही मेलेल्या. सातव्या-आठव्या महिन्यात. चौथे हे, तेच तेवढे जगले. मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. आता नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

१४ मार्च

होळीला हे आले होते. डोक्यावरचे केस ठिकठिकाणी गेलेत, उंदराने कुरतडल्यासारखे. छातीवर गुलाबी डाग. म्हणे घामोळ्या. फाल्गुनात कसल्या घामोळ्या? पण बापाच्या आनंदात होते. मामाजींना म्हणाले, "नातू येते आता." मामाजी हसले आणि उठायला गेले तर भिंतीवर आदळले.

२० मार्च

कालपासून कणकण होती, घसा दुखत होता. आज अंघोळीला बसले आणि पोट पाहिलं तर अंगभर डाग. तांब्याच्या रंगाचे. खाज नाही, आग नाही. तळहातावर आहेत, तळपायांवरसुद्धा.

सासूबाईंनी माझे हात उलटे केले आणि हातच जोडले. "माता आली वं माय! माता आली."

देवी-कांजिण्यांचे फोड आले की लागतो तसा दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. चपला बाहेर. मला डोकं धुवायचं नाही, केस विंचरायचे नाहीत. घरात तळण नाही, कोणासाठीच फोडणी नाही. आणि दवाखान्याचं नाव काढायचं नाही, कारण सुई टोचली की माता कोपते. सगळं गाव असंच करतं, माझ्या आईनेही केलं असतं. शेजारची रुख्मिणी उंबऱ्याबाहेरून पाया पडून गेली. म्हातारी-कोतारी माझ्या पाया पडतात, मला शरमेने मेल्यासारखं होतं.

सासूबाई रोज मातामायच्या ठाण्यावर थंड पाणी घालून येतात. येताना त्यांचे ओठ हलत असतात. कसली क्षमा मागतात, ऐकू येत नाही.

२३ मार्च

मी काय करून बसले! कोणाला सांगू?

सासूबाई ठाण्यावर गेल्या होत्या. मला सकाळपासून लसणाचा वास हवा होता. डोहाळे की काय म्हणतात ते. जीव नुसता कासावीस. पळीत तेल तापवलं, लसूण आणि लाल मिरची टाकली, फोडणी वाटीभर वरणावर ओतली आणि उभ्याउभ्या खाल्लं. काय चव होती, माय वं! मग पळी राखेने घासली, खिडकी उघडली. सासूबाई आल्या आणि दारातच थबकल्या. नाक वर केलं.

संध्याकाळी माझ्याजवळ बसल्या. माझ्याकडे न बघता सांगू लागल्या.

"लगन झाल्यावर दुसऱ्या वर्सी माह्या अंगावर माता आलती. अशीच. तळहातावरही. सासरा जेवाले बसला, म्हने फोडनीचं वरन पायजे. मी केली फोडनी. माता अंगावर असताना. मंग तिनं माह्या तीन पोरी नेल्या."

एवढंच. मग उठून गेल्या. त्यांना वास आलाच होता.

तेव्हापासून पोटावर हात ठेवून बसलेय. वाटीभर वरणासाठी मी लेकरू घालवलं का?

२९ मार्च

काल पाडव्याला कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली, दही-भाताचा नैवेद्य देऊन मातेची बोळवण केली. डाग फिके होत चाललेत. सासूबाई म्हणाल्या, "शांत झाली." माझा विश्वास बसत नाही. ती शांत झाली की दबा धरून बसली?

३ मे

अंग स्वच्छ. एक डाग नाही. भूक लागते, झोप लागते. सगळे म्हणतात तेज आलं चेहऱ्यावर. मी मात्र आरशात बघताना आधी तळहात बघते.

११ जून

लेकरू हललं! दुकानात डाळ मोजून देत होते, आतून मासोळीने शेपटी मारावी तसं झालं. गिऱ्हाईकाला जास्तीची डाळ गेली.

आनंद झाला आणि लगेच भीतीही. आतापर्यंत ते नुसतं पोट होतं. आता हरवायला कोणीतरी आहे.

३० जून

नर्सबाई सुमित्राबाई धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला आल्या. सासूबाई आडव्या आल्या, "सुई नाई." त्या हसून म्हणाल्या, "माता बोळवली ना मावशी? मंग आता काऊन भेता?" दिलंच टोचून. माझे डोळे पांढरे दिसतात म्हणाल्या, रक्त कमी असेल, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन सगळं रक्त तपासून घे. हे घरीच आहेत, पेरणीच्या दिवसांत खरेदी नसते. नेतो म्हणाले.

८ जुलै

काय लिहू. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

रक्त आठवड्यापूर्वी दिलं होतं, आज रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, गुंजन नाव. ह्यांना बाहेर बसायला सांगितलं. मग माझ्याकडे खुर्ची ओढून घेतली.

"ताई, तुमच्या रक्तात एक आजार निघाला आहे. उपदंश. लोक गरमी म्हणतात."

गरमी? मी म्हटलं, सब्जा घेते, गुलकंद घेते. त्या म्हणाल्या, नाही, उष्णतेचा काही संबंध नाही. हा एक जंतू असतो, डोळ्यांना न दिसणारा, स्क्रूसारखा पिळदार. नवरा-बायकोच्या संबंधातून एकाचा दुसऱ्याला जातो. आणि आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाला.

"बाळाला" म्हटल्यावर पुढचं काही वेळ ऐकू आलं नाही.

त्यांनी विचारलं, मिस्टरांना कधी न दुखणारी जखम झाली होती का? मी मान हलवली. त्या म्हणाल्या, ती पहिली पायरी. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि औषध नाही घेतलं तरी ती आपोआप भरते. जंतू मात्र आतच राहतो. बाईची जखम आत असते, तिला दिसतही नाही. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी अंगावर डाग येतात, ताप येतो, कोणाचे केस जातात. "तुम्हाला तळहातांवर डाग आले होते?"

"ती माता होती," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. माझा हात हातात घेतला. "सगळे तेच समजतात. ते डागही आपोआप जातात, म्हणून वाटतं माता शांत झाली. ती दुसरी पायरी. मग जंतू गप्प बसतो. वर्षानुवर्षं. माणूस धडधाकट दिसतो. आणि वीस-तीस वर्षांनी काहींच्या हृदयाला लागतो, काहींच्या मेंदूला, काहींच्या मणक्याला."

एड्सची तपासणीही केली होती, तो नाही निघाला. मी एकच विचारलं, लेकरू? म्हणाल्या, औषध घेतलं नाही तर पोटातच जाऊ शकतं. पण औषध आहे. पेनिसिलीन. दर आठवड्याला एकदा, तीन वेळा. वेळ गेलेली नाही. पण मिस्टरांनीही घ्यायला हवं, नाहीतर तुम्हाला पुन्हा त्यांच्याकडून लागेल.

ह्यांना आत बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर आले, लाल झालेले. मला इंजेक्शन देईपर्यंत थांबले नाहीत. आधी हातावर थोडं टोचून पाहिलं, मग कमरेत दोन्हीकडे. पाय ओढत स्टँडवर आले तर हे तिथे उभे. चारचौघांत, दबक्या आवाजात म्हणाले, "तुले कोठून लागलं हे?"

मला! उंबऱ्याबाहेर जिचं जाणं म्हणजे मातामायचं ठाणं आणि सेलूचं माहेर, तिला! तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण गुपचूप बसमध्ये चढले. घरातून काढलं तर? या पोटासकट कुठे जाऊ?

८ जुलै, दिवेलागण

हुडहुडी भरून आलीय. अंग तव्यासारखं. पोट मधूनच दगडासारखं होतं. सासूबाईंनी दोन गोधड्या घातल्या, हात चाचपला आणि त्यांना टोचल्याची पट्टी दिसली. किंचाळल्याच. "सुई घेतली? अवं, काऊन घेतली वं! कोपली पाहा थे!"

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी सांगितलं होतं, पहिल्या इंजेक्शनानंतर ताप येईल असं. की येणार नाही असं? भीतीत धड ऐकलंच नाही. लेकरू दुपारपासून हललेलं नाही. हललं का? मीच तर हलवत नाहीये ना पोट? सासूबाई ठाण्यावर धावल्यात. हे दारात उभे आहेत, आत येत नाहीत. हे घाबरलेत. हे नक्की कशाला घाबरलेत?

माते, मीच खाल्ली ती फोडणी. मला ने. याला नको.

९ जुलै

ताप उतरला. दुकानात डाळीच्या पाट्या लावत होते तेव्हा उजवीकडून एक सणसणीत लाथ बसली. खाली बसून रडले. मामाजी विचारतात, काय झालं, काय झालं. काही नाही म्हटलं, तुमचा नातू लाथा मारून राह्यला.

हे भेटीला आल्यासारखे आत आले. मी म्हटलं, "मले लागलं थे तुमच्यापासून. फोड मी पाह्यलता." मान खाली घालून म्हणाले, "ट्रकवाल्याईसोबत गेलतो, बाईकडे. एकडाव." एकदाच. जसं एकदा म्हणजे काहीच नाही. "मंग चाला, तुम्हीही सुई घ्या." तर म्हणे, "माहा फोड तं बरा झाला. पुडीनं. आता काई नाई मले." मी सांगितलं, मग माझ्या खोलीत यायचं नाही. आवाज बाहेर गेला असेल तर जाऊ दे.

१६ जुलै

दुसरं इंजेक्शन झालं. एकटीच गेले, मिरवल्यासारखी. या वेळी ताप नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हाचा ताप म्हणजे जंतू एकदम मेले त्याचा. मी तुम्हाला सांगितलं होतं, म्हणाल्या. असेल.

१७ जुलै

आज सकाळी मामाजींचा खांदा धरून उभी होते. त्यांनी साबण लावला, डोळे मिटले आणि नेहमीसारखे झोकांडले. माझ्या हातावर त्यांचा सगळा भार आला. आणि तेवढ्यात मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. वीस-तीस वर्षांनी. मणक्याला.

मामाजी म्हणत होते, "पोरी, पानी टाक ना वं." मी पाणी टाकलं. त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

जन्मभर खरेदीला हिंडले. सासूबाईंच्या तळहातावर माता आली. तीन मुली पोटातच गेल्या. हे म्हणजे आमच्याच घराची गोष्ट डॉक्टरीणबाईंनी मला सांगितली होती, आणि मी ऐकत बसले दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

हे डोळ्यांपुढे येतात, म्हातारे, पाय आपटत चालणारे. आणि खांदा धरणारी कोणीतरी सून.

सासूबाईंना सांगू? का सांगू? त्या म्हाताऱ्या जिवाला आता कळून काय मिळणार? नवऱ्याने केलं हे कळण्यापेक्षा मातेने केलं हेच बरं नाही का?

२१ जुलै

सांगितलं.

ओसरीत बसून दोघी तुरीची डाळ पाखडत होतो. त्या म्हणाल्या, "तिसरी सुई नको घेऊ, पोरी. माह्यासारखं होईन. मी एकडाव फोडनी केली तं तीन गेल्या." मला राहवेना.

"आत्याबाई, थे माता नव्हतीच. मलेही नाई, तुमालेही नाई." आणि मग सगळं सांगितलं. जंतू, जखम, डाग, गप्प बसणं. फोडापासून मामाजींच्या पायांपर्यंत. मला वाटलं होतं मारतील. त्यांचं सूप थांबलं. डाळीत हात तसाच राहिला.

"मंग माही फोडनी?"

"फोडणीनं काई नाई झालं, आत्याबाई. कधीच काई नाई झालं."

एक बाई तेल मागायला आली, तिला तेल मोजून दिलं. परत बसल्या. मग म्हणाल्या, "तिसरीले केस होते. लय केस होते डोक्याले." आणि पदर तोंडात कोंबला.

२२ जुलै

आज सकाळी मामाजी मोरीत उभे राहून हाका मारत होते. मी उठले तर सासूबाईंनी हाताने थांबवलं. त्या दारात उभ्या राहिल्या, नुसत्या बघत. मामाजींनी एका हाताने भिंत धरलेली, तोंडाला फेस. "अवं नलू! मनकर्णे! कोनी हाय का?" मला वाटलं, आता पडतील. सासूबाई हलल्या नाहीत. मग एकदम पुढे झाल्या आणि खांदा धरला, इतका घट्ट की मामाजी कळवळले. तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं, जरा जोरातच.

मग ह्यांच्या खाटेपाशी गेल्या. पांघरूण ओढलं.

"ऊठ. सावंगीले चाल."

"कायले?"

"सुई घ्याले."

"माय, मले काई नाई झालं..."

"तुह्या बापालेही काई नाई झालतं! ऊठ म्हनतो ना! नाई तं या घरात जेवाले येजो नको."

हे उठले. आम्ही तिघं बसने गेलो. माझं तिसरं, ह्यांचं पहिलं. सासूबाईंनी स्वतःचा हात पुढे केला, "माहंही पाहा रगत." 

५ ऑगस्ट

सासूबाईंच्याही रक्तात निघालंच. मामाजींनाही आज नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाने पुढचं थांबेल कदाचित, गेलेलं परत येणार नाही.

५ सप्टेंबर

सातवा सरला. सासूबाई रोज माझ्या पोटाला कान लावतात. आठव्यात त्यांना धीर धरवत नाही. मलाही नाही. एखादा तास हालचाल नसली की गूळ खाते, कुशीवर होते, पोटाला हाका मारते. डॉक्टरीणबाई म्हणतात रक्तातल्या आजाराचे आकडे उतरताहेत. आकड्यांना काय, ते कागदावर उतरतात. भीती कुठे उतरते?

१७ ऑक्टोबर

मुलगी झाली. परवा, सावंगीलाच.

बाहेर आली आणि रडली नाही. किती वेळ, मला सांगता येणार नाही. सगळे हात चालत होते आणि आवाज कोणाचाच नाही. मी नर्सचा हात इतका आवळला की तिच्या बांगड्या फुटल्या. आणि मग रडली. काय रडली! दिवाळीचे फटाके झक मारतील.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला उलटसुलट करून पाहिलं. रक्त घेतलं. आज सांगितलं, चांगलं आहे, पण काही महिने पुन्हा पुन्हा तपासायचं. मी दुपट्यातून तिचा हात बाहेर काढते आणि तळहात उघडून बघते. गुलाबी आहे. पुन्हा बघते. ही खोड आता जन्मभर जाणार नाही.

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. हे मागे, मान खाली, थर्मास धरून. सासूबाईंनी आधी बाळाच्या डोक्यावरची टोपी काढली. काळेभोर केस. त्यांवर हात फिरवत राहिल्या, डोळे वाहत होते, पुसलेही नाहीत.

मग डबा उघडला. भात आणि वरण. वास आला आणि मी त्यांच्याकडे बघितलं. वर तेलाचा तवंग, लसणाच्या लाल पाकळ्या, मिरची.

"तुमी केली?"

"मंग कोन करन? तुहा नवरा?"

मला वाढलं. मग स्वतःसाठी ताटलीत घेतलं. भात कालवला, घास उचलला आणि तोंडाजवळ नेऊन थांबल्या. मीही श्वास धरला. इतक्या वर्षांची भीती, मलाही वाटून गेलं की आता काहीतरी होईल.

बाळ कुरकुरलं. सासूबाईंनी घास तोंडात टाकला.

"मीठ कमी झालं वं," त्या म्हणाल्या.